लाभाची पावती : खाणी, आदिवासी ग्रामसभा आणि उघडा हिशेब

व्यवहारात पावती देण्याचा अधिकार घेणाऱ्याचा असतो. देणाऱ्याने रक्कम दिली, धान्य मोजून दिले किंवा वस्तू पोचविली, तरी 'पोचले' हा शब्द घेणाऱ्याच्या सहीने लिहिला गेल्यावाचून तो व्यवहार पुरा होत नाही. देणाऱ्यानेच 'पोचले' असे लिहून तो कागद स्वतःच्या दप्तरी ठेवला, तर त्यास कोणी पावती म्हणणार नाही. किराणा दुकानापासून बँकेपर्यंत सर्वत्र मान्य असलेला हा साधा नियम एका महत्त्वाच्या क्षेत्रात मात्र क्वचितच पाळला जातो. आदिवासींच्या भूमीत खाणी व कारखाने उभे राहतात. त्यांपासून तेथील लोकांचे हित होईल असे आश्वासन दिले जाते. आणि काही वर्षांनी तसे हित झाल्याचे आकडे प्रसिद्ध होतात. प्रसिद्ध करणारा असतो उद्योग किंवा शासन. ज्यांचे हित झाले असे म्हटले जाते, त्यांची सही त्या कागदावर सहसा नसते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार खाणींपुरता, आणि मुख्यतः भारतातील जिल्हा खनिज प्रतिष्ठानांच्या संदर्भात, करावयाचा आहे. हिशेब उघडा असणे म्हणजे नेमके काय, तो कोठे उघडा असतो व कोठे बंद होतो, आणि तो कोणापुढे उघडावयाचा असतो, हे तीन प्रश्न क्रमाने पाहू. तुलनेसाठी कॅनडातील अनुभवाचाही थोडक्यात आधार घेतला आहे.

खनिज ही ठेव, उत्पन्न नव्हे

शेतातील पीक दरवर्षी येते. जंगलातील बांबू, मोहफूल व तेंदूपान योग्य रीतीने काढले तर पिढ्यान्पिढ्या पुरते. खनिजाचे तसे नाही. डोंगरातील लोहखनिज एकदा काढले की ते पुन्हा तेथे निर्माण होत नाही. म्हणून खनिजाच्या विक्रीतून आलेला पैसा अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरे पाहता उत्पन्न नव्हे. ती मोडलेल्या ठेवीची रक्कम होय. ठेव मोडून आलेल्या पैशाचे शाळा, आरोग्य, पाणी, जमिनीची सुधारणा अशा दुसऱ्या टिकाऊ ठेवीत रूपांतर झाले, तरच पुढच्या पिढीचे नुकसान टळते. ते झाले नाही, तर डोंगरही गेला आणि त्याचे मोलही गेले, अशी स्थिती होते.

आदिवासी समाजाच्या बाबतीत या हानीला आणखी एक अंग आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर खाणमालकाच्या दृष्टीने लोहखनिजाचा साठा आहे. परिसरातील माडिया गोंडांच्या दृष्टीने ते ठाकूरदेवाचे स्थान आहे, आणि तेथे दरवर्षी यात्रा भरते. या दुसऱ्या मूल्याचे रुपयांत रूपांतर करता येत नाही. जे रुपयांत मोजता येत नाही त्याची हानी स्वीकारावयास सांगून, जे मोजता येते त्याचाही हिशेब नीट दिला नाही, तर तो अन्याय दुहेरी ठरतो. म्हणून लाभाच्या हिशेबाचा प्रश्न केवळ लेखापालांचा प्रश्न राहत नाही.

कायद्याची वाटचाल

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४४ अन्वये पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांना विशेष संरक्षण आहे. या संरक्षणाचा खाणींच्या संदर्भातील अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै १९९७ रोजी 'समता' या संस्थेच्या खटल्यात स्पष्ट केला. आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणम जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्रात शासनाने खाजगी कंपन्यांना दिलेले खाणपट्टे हा त्या खटल्याचा विषय होता. अनुसूचित क्षेत्रातील शासकीय जमीनही बिगर-आदिवासी खाजगी कंपनीस खाणीसाठी देता येत नाही, असा निर्णय बहुमताने झाला. त्याच निर्णयात दुसरेही एक तत्त्व मांडले गेले : खाणींच्या निव्वळ नफ्यातील किमान २० टक्के भाग पाणी, शाळा, दवाखाने, स्वच्छता व रस्ते यांसाठी कायम निधी म्हणून राखून ठेवावा. खाणीच्या नफ्यात स्थानिक लोकांचा वाटा असावा, ही कल्पना येथे न्यायालयाच्या शब्दांत प्रथमच इतक्या स्पष्टपणे आली.

हे तत्त्व कायद्यात उतरण्यास पुढे अठरा वर्षे लागली. २०११ च्या विधेयकात कोळसा खाणींच्या निव्वळ नफ्यातील २६ टक्के, आणि इतर खनिजांच्या बाबतीत स्वामित्वधनाइतकी रक्कम, खाणग्रस्तांसाठी द्यावी अशी तरतूद होती. परंतु पंधरावी लोकसभा संपताच ते विधेयक व्यपगत झाले. शेवटी २०१५ मध्ये खाणी व खनिजे कायद्यात दुरुस्ती होऊन खाणी असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याचे ठरले. खाणींमुळे बाधित झालेल्या व्यक्तींच्या व क्षेत्रांच्या हितासाठी काम करणे हे या प्रतिष्ठानाचे कर्तव्य होय. राज्य शासनांनी त्याचे नियम करताना अनुसूचित क्षेत्रांच्या तरतुदी, १९९६ चा पंचायत विस्तार कायदा (बोलीभाषेतील 'पेसा') आणि २००६ चा वनहक्क कायदा यांचे मार्गदर्शन घ्यावे, असेही कायद्यात म्हटले आहे.

येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. १९९७ चा निर्णय नफ्यातील वाट्याविषयी बोलत होता. २०१५ चा कायदा स्वामित्वधनाच्या प्रमाणात रक्कम ठरवितो. नफा कागदोपत्री कमी दाखविणे सोपे असते. त्या मानाने टनांवर व किमतीवर आधारलेले स्वामित्वधन तपासण्यास सोपे आहे. म्हणजे वाट्याचे मूळ तत्त्व बदलले असले, तरी हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत अधिक उघडी आहे. ती किती उघडी आहे हे एका उदाहरणाने पाहू.

पहिला दुवा : वजनकाटा

लोहखनिजावरील स्वामित्वधनाचा दर सरासरी विक्री-किमतीच्या १५ टक्के आहे. ही सरासरी किंमत राज्यवार व प्रतवार जाहीर करण्याचे काम भारतीय खाण ब्यूरो ही केंद्रीय संस्था करते. तिचे मुख्य कार्यालय नागपूर येथे आहे. १२ जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या पट्ट्यांच्या धारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी, आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांच्या धारकांनी १० टक्क्यांइतकी अधिक रक्कम प्रतिष्ठानाकडे भरावयाची असते.

समजा, एखाद्या प्रतीच्या खनिजाची जाहीर किंमत टनास ४,००० रुपये आहे. मग स्वामित्वधन टनास ६०० रुपये होईल. पट्टा जुना असेल, तर प्रतिष्ठानाच्या खात्यात टनामागे १८० रुपये यावयास हवेत. लिलावाचा असेल तर ६० रुपये. जुन्या पट्ट्यातून २५ टन खनिज घेऊन जाणारा प्रत्येक ट्रक म्हणजे प्रतिष्ठानाचे ४,५०० रुपये. दिवसाला असे १०० ट्रक गेले, तर त्या दिवशीचे ४,५०,००० रुपये जमेस दिसले पाहिजेत.

हे गणित मुद्दाम इतक्या तपशिलाने मांडले आहे. रस्त्याकडेच्या गावातील ज्या माणसास वाचता येत नाही, त्यालाही ट्रक मोजता येतात. म्हणजे हिशेबाचा पहिला आकडा त्याच्याकडे आधीच असतो. त्याला माहीत नसतात त्या गोष्टी तीनच : ट्रकमधील वजन, खनिजाची लिहिलेली प्रत, आणि त्या प्रतीची किंमत. यांतील प्रत ही विशेष महत्त्वाची. वरच्याच उदाहरणात तेच खनिज ३,००० रुपये किमतीच्या हलक्या प्रतीचे म्हणून नोंदले गेले, तर टनामागे १८० ऐवजी १३५ रुपये जमा होतील, आणि १०० ट्रकांमागे एका दिवसात १,१२,५०० रुपये प्रतिष्ठानाच्या हातून जातील. ट्रकांची संख्या तीच, रस्त्यावरील धूळ तीच, डोंगरातील खड्डाही तेवढाच. केवळ कागदावरील एक शब्द बदलला. म्हणून जमेचा एकूण आकडा वर्षाअखेर जाहीर करणे पुरेसे नाही. प्रत्येक खाणीचे महिन्याचे टन, प्रत आणि भरणा हे तिन्ही एकत्र, शेजारी शेजारी, दिसले पाहिजेत. तेव्हाच गावकऱ्याची मोजणी व सरकारी नोंद यांचा ताळा घेता येतो.

दुसरा दुवा : जमा ते खर्च

केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशातील सर्व प्रतिष्ठानांत जमा झालेली एकूण रक्कम एक लाख कोटी रुपयांच्या वर गेली आहे. ओडिशातील केंदुझर व सुंदरगड, झारखंडमधील पश्चिम सिंहभूम, छत्तीसगडमधील दंतेवाडा हे खनिजसंपन्न जिल्हे आदिवासींची मोठी वस्ती असलेलेही आहेत. रक्कम मोठी आहे. प्रश्न तिच्या वाटेचा आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेने खर्चाची चौकट आखून दिली. किमान ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला व बालके, वृद्ध व अपंग, कौशल्य-शिक्षण आणि स्वच्छता यांवर, व उरलेली रस्ते, सिंचन, ऊर्जा व पाणलोट यांवर, अशी ती विभागणी होती. २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनी पहिल्या गटाचे प्रमाण ७० टक्के केले, आणि प्रत्यक्ष बाधित क्षेत्र खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंत व अप्रत्यक्ष बाधित क्षेत्र २५ किलोमीटरपर्यंत अशी मर्यादा घातली.

या चौकटीत हिशेबाच्या उघडेपणाविषयीचे नियम बरेच सविस्तर आहेत. प्रत्येक प्रतिष्ठानाने आपले संकेतस्थळ ठेवावे. त्यावर बाधित गावांची व व्यक्तींची यादी, तिमाही जमा, सभांची इतिवृत्ते, वार्षिक योजना, प्रत्येक कामाचा अंदाजित खर्च, ते करणारी यंत्रणा, पूर्ण होण्याची तारीख व झालेली प्रगती, आणि लाभार्थ्यांची यादी प्रसिद्ध करावी, असे २०१५ च्या सूचनांत म्हटले आहे. वार्षिक लेखापरीक्षणही आवश्यक आहे. कागदावरील या तरतुदी उणावलेल्या नाहीत.

तथापि या सर्व तपशिलांत जिच्यावाचून बाकीचे निरर्थक ठरते अशी एकच गोष्ट आहे : बाधितांची यादी. पैसा कोणासाठी आहे हे आधी ठरले नाही, तर तो त्यांच्यासाठी खर्च झाला की नाही हे कसे सांगणार? यादी नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणची इमारत, खाणीच्या पट्ट्यापासून दूर असलेला रस्ता, तालुक्याचे सुशोभीकरण, हे सारे 'खाणक्षेत्रातील काम' या शीर्षकाखाली बसू शकते आणि लेखापरीक्षकास त्यात दोषही काढता येणार नाही. पावत्या आहेत, निविदा आहेत, इमारतही उभी आहे. परंतु ती उभी आहे ती ज्याचा झरा आटला त्या पाड्यापासून कोसो दूर. खर्च खरा असूनही तो त्या लोकांचा खर्च नसतो. म्हणून यादी आधी व खर्च नंतर, हा क्रम कधीही उलटू देता कामा नये.

तिसरा दुवा : खर्च ते लाभ

खर्च योग्य ठिकाणी झाला, तरी तेवढ्याने लाभ सिद्ध होत नाही. या ठिकाणी तीन प्रकारची गफलत संभवते.

पहिली, खर्चालाच लाभ समजणे. विंधनविहीर खोदली हा खर्च झाला. तिला उन्हाळ्यात पाणी आहे काय, ते पिण्याजोगे आहे काय, आणि पाणी आणण्यासाठी बाईला पूर्वी जितके चालावे लागे त्यापेक्षा आता कमी चालावे लागते काय, हा लाभ झाला. शाळेची खोली हा खर्च. तेथे शिक्षक येणे व मूल टिकून शिकणे हा लाभ. बहुतेक अहवाल पहिल्या आकड्यापाशी थांबतात, कारण तो कार्यालयात बसून लिहिता येतो. दुसरा आकडा मिळविण्यास गावात जावे लागते, आणि एकदा नव्हे तर काही वर्षांच्या अंतराने पुनःपुन्हा जावे लागते.

दुसरी गफलत, एकच लाभ अनेक वह्यांत लिहिणे. एखाद्या गावात दवाखाना उभा राहिला. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्यातील २ टक्के रक्कम सामाजिक जबाबदारीच्या कामांवर खर्च करावयाची असते. कंपनीने तीतून औषधसाहित्य दिले व अहवालात दवाखान्याचे छायाचित्र छापले. प्रतिष्ठानाने इमारत दिली आणि आपल्या यादीत दवाखाना नोंदविला. आदिवासी उपयोजनेतून कर्मचाऱ्यांचे वेतन निघते, म्हणून त्या विभागाच्या अहवालातही तोच दवाखाना आला. तीन अहवाल वाचणाऱ्यास तीन दवाखाने दिसतात. गावात एकच असतो. याहून सूक्ष्म प्रकार असा की, प्रतिष्ठानाचा पैसा आला म्हणून नेहमीच्या अंदाजपत्रकातील पैसा दुसरीकडे वळविला जातो. खाण नसती तरी जे मिळालेच असते, त्याला खाणीचा लाभ म्हणता येणार नाही. म्हणून प्रत्येक कामापुढे 'या कामास दुसऱ्या कोणत्या खात्याचे किती' हा रकाना असला पाहिजे.

तिसरी गफलत शब्दांची. 'स्थानिकांना रोजगार' हा शब्दप्रयोग घ्या. स्थानिक म्हणजे बाधित गावाचा, तालुक्याचा, जिल्ह्याचा की राज्याचा? त्यांत आदिवासी किती, आणि स्त्रिया किती? नोकरी कंपनीची की कंत्राटदाराची? बारमाही की हंगामी? यंत्र चालविण्याची की फाटकावरच्या पहाऱ्याची? आणि ज्या दिवशी नेमणूक झाली त्या दिवशीचा आकडा, की वर्षानंतर टिकून राहिलेल्यांचा? या प्रश्नांची उत्तरे न देता दिलेला रोजगाराचा आकडा खोटा असतोच असे नाही. पण तो काहीही सांगत नाही.

कॅनडाचा अनुभव

हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. आदिवासी समाजांशी खाण-कंपन्यांचे थेट करार होण्याची पद्धत कॅनडात १९९० च्या दशकापासून रूढ झाली. या करारांत नोकऱ्या, कंत्राटे, प्रशिक्षण व रोख रकमा यांची आश्वासने असतात. परंतु त्यांतील बहुतेक करार गोपनीय असतात. शेजारच्या समाजाला काय मिळाले हे ठाऊक नसल्यामुळे पुढचा समाज वाटाघाटीस बसतो तो अंधारातच. आणि करार करणाऱ्या समाजातील सामान्य माणसासही आपल्या नेत्यांनी काय मान्य केले, हे पुष्कळदा पुरते कळत नाही.

यावर दोन दिशांनी उपाय झाले, आणि दोन्हींपासून शिकण्यासारखे आहे. १ जून २०१५ पासून अमलात आलेल्या एका संघीय कायद्याने तेल, वायू व खनिज कंपन्यांवर असे बंधन घातले की, कोणत्याही शासनास एका वर्षात एका प्रकारात १,००,००० डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम दिल्यास ती जाहीर करावी. आदिवासी समाजांच्या शासनांना दिलेल्या रकमांना हा नियम १ जून २०१७ पासून लागू झाला. यामुळे वर सांगितलेला पहिला दुवा, म्हणजे दिलेली रक्कम, पुष्कळसा उघड झाला. मात्र त्या रकमेचे पुढे काय झाले, हे त्या अहवालांतून कळत नाही.

दुसरा उपाय देशाच्या वायव्य प्रदेशांत झाला. तेथील एकाती ही हिऱ्यांची खाण १९९८ मध्ये व डायविक ही २००३ मध्ये सुरू झाली. आदिवासी समाजांशी झालेल्या खाजगी करारांखेरीज, कंपन्या व प्रादेशिक शासन यांच्यात उघडे सामाजिक-आर्थिक करारही झाले. त्यांच्या आधारे प्रादेशिक शासन 'समाज आणि हिरे' अशा अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल प्रसिद्ध करीत आले. रोजगार व मिळकत यांच्याबरोबर घरे, आरोग्य, गुन्हे, शिक्षण, आदिवासी भाषांचा वापर अशा गोष्टींचीही नोंद त्यात वर्षानुवर्षे घेतली गेली. खाण आल्यावर मिळकत वाढते, पण त्याच वेळी दुसरे काही बिघडते काय, हे पाहण्याची ही रीत आहे. लाभाच्या हिशेबात हानीची बाजूही असली पाहिजे, हा तिचा मुख्य धडा होय. जमाखर्चाच्या वहीला दोन बाजू असतात. केवळ जमेची बाजू छापली तर ती वही नव्हे, जाहिरात होय.

तिसरा प्रसंग उलट्या बाजूचा आहे. २०१३ मध्ये कॅनडात झालेल्या दुसऱ्या एका कायद्याने आदिवासी समाजांच्या परिषदांवर आपले एकत्रित हिशेब व पदाधिकाऱ्यांचे वेतन जाहीर करण्याची सक्ती केली. परिषदांच्या स्वतःच्या उद्योगांचे हिशेबही यात स्पर्धकांपुढे उघडे पडत होते, आणि हा कायदा आपल्याला न विचारता लादला गेला, अशी अनेकांची तक्रार होती. डिसेंबर २०१५ मध्ये नव्या शासनाने त्याची सक्तीची अंमलबजावणी थांबविली. यातून निघणारे तात्पर्य असे की, उघडेपणाला दिशा असते. जो बलवान आहे त्याने आधी दप्तर उघडावे; दुर्बलाचे दप्तर उघडून बलवानाचे बंद ठेवणे यास पारदर्शकता म्हणता येत नाही.

वाचून दाखविलेला हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे परत येऊ. समजा, प्रतिष्ठानाने सर्व आकडे नियमाप्रमाणे संकेतस्थळावर ठेवले. तरी एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील एखाद्या पाड्यावरील माणसास त्याचा उपयोग काय? अनेकांच्या घरी बोलली जाते माडिया. शासनाची भाषा मराठी. कित्येक कागद इंग्रजीत. आणि संकेतस्थळ पाहण्याचे साधन जवळ असेलच असे नाही. आदिवासी भागांत एके काळी सावकाराच्या वहीवर अंगठे उठवून घेतले जात. अंगठा खरा असे, कागद खरा असे. पण त्यात काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्यास वाचून दाखविलेले नसे. न वाचलेला हिशेब तांत्रिक दृष्ट्या उघडा असला, तरी ज्याच्यासाठी तो ठेवला त्याच्या दृष्टीने बंदच असतो.

यासाठी नवे तत्त्व शोधण्याची गरज नाही. १९९६ च्या पेसा कायद्याच्या चौथ्या कलमात अशी तरतूद आहे की, गावपातळीवरील पंचायतीने विकासाच्या योजना राबविण्यापूर्वी त्यांस ग्रामसभेची मान्यता घ्यावी, आणि निधीचा विनियोग झाल्यानंतर त्या विनियोगाचे प्रमाणपत्र ग्रामसभेकडून मिळवावे. आरंभी सांगितलेली पावती ती हीच. 'पैसे खर्च झाले' असे म्हणण्याचा अधिकार खर्च करणाऱ्यास नाही. ज्यांच्यासाठी खर्च झाला त्यांच्या सभेस आहे, हे तत्त्व संसदेने या कलमात मान्य केले आहे.

प्रतिष्ठानाच्या २०१५ च्या सूचनांतही ग्रामसभेस स्थान आहे. अनुसूचित क्षेत्रातील योजनांना व लाभार्थ्यांच्या निवडीस तिची मान्यता घ्यावी, आणि दर आर्थिक वर्षाअखेर गावात झालेल्या कामांचा अहवाल तिला सादर करावा, असे त्यांत म्हटले आहे. परंतु येथे शब्दाचा फरक आहे आणि तो लहान नाही. अहवाल सादर करावयाचा असतो. प्रमाणपत्र मिळवावयाचे असते. अहवाल दिला की देणाऱ्याचे काम संपते, मग तो कोणी वाचो अगर न वाचो. प्रमाणपत्र मात्र घेणाऱ्याने 'होय' म्हटल्यावाचून मिळत नाही. आणि जेथे 'होय' म्हणण्याचा अधिकार आहे, तेथे 'नाही' म्हणण्याचाही असतो. प्रतिष्ठानाच्या निधीतून झालेल्या प्रत्येक कामाचे शेवटचे देयक ग्रामसभेच्या प्रमाणपत्राशी जोडले, तर विहीर कोरडी असताना 'काम पूर्ण' असा शेरा मारणे कठीण होईल.

ग्रामसभांना असले हिशेब जमतील काय, अशी शंका घेतली जाते. तिचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये तेथील ग्रामसभेस स्वतःच्या जंगलातील बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. बांबूची तोड, विक्री, मजुरी आणि जमाखर्च हे सर्व त्या सभेने आपल्या हाती घेतले. त्या गावात निर्णय बहुमताने न होता सर्वांच्या संमतीने होतात. महाराष्ट्रात २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधीही पेसा क्षेत्रातील गावांकडे थेट जातो. जी सभा आपल्या बांबूचा हिशेब ठेवू शकते, तिला आपल्या विहिरीचा हिशेब तपासता येणार नाही असे मानण्यास कारण नाही. अडचण क्षमतेची असण्यापेक्षा, अधिकार कोणाकडे आहे याची अधिक आहे.

उघडेपणाच्या मर्यादा

इतके म्हटल्यावर उघडेपणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लाभाचा हिशेब स्वच्छ असणे म्हणजे खाणीस संमती असणे नव्हे. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांकडे सोपविला, तेव्हा डोंगराच्या परिसरातील १२ ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. डोंगरिया कोंधांच्या दृष्टीने तो डोंगर त्यांच्या देवाचा होता. तेथे लाभ किती मिळणार, हा प्रश्नच गौण होता. नकाराचा अधिकार आधी आणि लाभाचा हिशेब नंतर, हा क्रम आहे. चांगला हिशेब हा वाईट निर्णयाची भरपाई होऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा अशी की, प्रत्येक गोष्ट जगापुढे उघडी करावी असे नाही. लाभार्थ्यांच्या यादीत एखाद्याचा आजार किंवा विधवेचे निवृत्तिवेतन यांची नोंद असू शकते. देवराईची जागा, विधींची स्थाने यांची माहिती समाजास आपल्यापुरती राखावयाची असू शकते. कॅनडातील आदिवासी संस्थांनी १९९८ पासून याविषयी एक तत्त्व पुढे मांडले आहे : आपल्याविषयीच्या माहितीची मालकी, तिच्यावरील नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क व तिचा ताबा ही चारही आपल्याकडे असावीत. कंपनीचे टन व रुपये सर्वांपुढे. गावाचे घरगुती गावापुढे. अशी विभागणी त्यातून सहज निघते.

समारोप

वरील विवेचनावरून उघड्या हिशेबाचे एक साधे स्वरूप मनापुढे येते. दर वर्षी एका पानाचा जमाखर्च प्रत्येक बाधित गावाच्या सभेपुढे, तिच्या भाषेत, मोठ्याने वाचला जावा. त्यात पाच गोष्टी असाव्यात : आपल्या परिसरातून किती टन, कोणत्या प्रतीचे खनिज गेले, त्याबद्दल प्रतिष्ठानाकडे किती जमा झाले, त्यातून आपल्या गावावर किती खर्च झाला व त्याच कामास दुसऱ्या खात्याचे किती आले, त्या खर्चाने काय बदलले, आणि या वर्षात गावाने काय गमावले. पानाच्या तळाशी ग्रामसभेची सही असावी. सभेस शंका असेल, तर सहीच्या जागी ती शंका लिहिली जावी, आणि तोवर शेवटचे देयक थांबावे.

पाचव्या ओळीवर काही वेळा आकडा लिहिता येणार नाही. यात्रेच्या वाटेवर फाटक आले, झऱ्याचे पाणी लाल झाले, रात्री ट्रकांच्या आवाजाने झोप लागत नाही, असे काही तेथे लिहिले जाईल. ते लिहिण्यासाठी जागा ठेवणे हेच या हिशेबाचे मोल होय. कारण डोंगर पुन्हा उभा करता येत नाही. तो ज्यांचा होता त्यांना निदान एवढे म्हणता आले पाहिजे की, जे गेले ते आम्ही पाहिले, जे आले ते आम्ही मोजले, आणि पावतीवर सही आमची आहे.